जांभळ्या चपला

"एकदा घालून तरी बघ," मी म्हटलं.

उज्ज्वला उंबऱ्यावर बसून पायांत चपला चढवत होती आणि मी नवे गमबूट हातात धरून तिच्यासमोर उभी होते. काळे, पोटरीपर्यंत येणारे, आत अजून कागदाचे बोळे कोंबलेले. मीच सांगितलं होतं म्हणून आदल्या दिवशी तिच्या वडिलांनी ते कोल्हापूरहून आणले होते. बाहेर आषाढाचा पाऊस लागून राहिला होता. राधानगरीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथं तो एकदा असा लागला की कपडे चुलीवर वाळवायचे आणि माणसांनी हाका मारूनच एकमेकांना ओळखायचं.

"उशीर होतोय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"घालायला कितीसा वेळ लागतोय? वाटेवर जळवा झाल्यात. साकवावर शेवाळ धरलंय. तुझ्या त्या चपलांचे तळवे बघितलेस का? पार गोटा झालाय त्यांचा."

"मला सवय हाय."

"सवय पडायची असते का कधी? पडेपर्यंतच सवय."

डाव्या चपलेचा मागचा पट्टा तुटलेला होता, तिथं तिनं सुतळी बांधली होती. ती सुतळी घोट्याभोवती दोनदा गुंडाळून तिनं गाठ मारली, दप्तरावर प्लास्टिकचा कागद ओढला आणि छत्री उघडून ती पावसात गेली. लाल पाण्यात तिच्या जांभळ्या चपला थोडा वेळ दिसल्या, मग वळणाआड गेल्या.

त्या चपला तिच्या आईच्या होत्या. म्हणजे माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या, इंदूअक्काच्या.

अक्का गेली ती गेल्या गणपतीच्या आधी, काविळीनं. सगळ्यांना वाटलं होतं, मुळ्या-पाल्यानं उतरेल. उतरली नाही. वर्ष व्हायच्या आत, वैशाखात, माझं लग्न तिच्या नवऱ्याशी लावलं. पोरीला परकी बाई नको, असं आमच्या आईचं म्हणणं. मला विचारलं नाही असं नाही. विचारलं, पण उत्तराची वाट कुणी बघितली नाही. मी सत्तावीस वर्षांची होते, दोन ठिकाणी जमता जमता मोडलं होतं, आणि घरात धाकट्या भावाच्या लग्नाची घाई होती.

लग्नाआधी मी त्यांना दाजी म्हणायचे. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे तसंच म्हणतात. आता काय म्हणायचं ते मला कळेना, म्हणून मी त्यांना काहीच म्हणत नसे. ते एस.टी.त ड्रायव्हर होते. एक दिवस घरी, एक दिवस मुक्कामाच्या गाडीवर. घरी असले की बोलायचे ते ढोराबद्दल, पावसाबद्दल, घाटात कोसळलेल्या दरडीबद्दल. अक्काबद्दल कधीच नाही. तिचा फोटो आमच्या आईनंच भिंतीवरून काढून ट्रंकेत ठेवला होता. नव्या संसारात बरं दिसत नाही म्हणाली. त्या घरात तिघं माणसं राहत होती, आणि तिघांनीही तिचं नाव घ्यायचं टाळलं होतं.

उज्ज्वला तर मला हाकच मारत नसे. जन्मापासून जी मला मावशी मावशी करत गळ्यात पडायची, सुट्टीत माझ्याच कुशीत झोपायची, ती लग्नानंतर एकदम मुकी झाली. काही हवं असलं तर येऊन उभी राहायची. मी बघितलं की सांगायची.

म्हणून त्या चपलांचं मला वाईट वाटायचं. मला वाटायचं, ती त्या मला दाखवायला घालते. तू कितीही कर, तू ती नव्हेस, हे मला रोज सकाळी कळावं म्हणून घालते.

गमबूट तसेच पडून राहिले. पुढं ते मीच गोठ्यात शेण काढायला घालू लागले. मग मी तिच्या वडिलांना सांगून कॅनव्हासचे बूट आणवले. ते तिनं एक दिवस घातले, भिजून जड झाले, आणि दोन दिवस चुलीपाशी ठेवूनही वाळले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा जांभळ्या चपला.

"तुम्ही सांगा की तिला," एकदा जेवताना मी म्हटलं. "पडली तर कोण निस्तरणार? दाजी, तुम्ही सांगितलं तर ती..."

शब्द तोंडातून गेला आणि माझा हात ताटातच राहिला. उज्ज्वलानं चटकन वर बघितलं. ते खाली मान घालून भात कालवत राहिले.

"टाकून दे त्या चपला," ते म्हणाले. "नसल्या म्हणजे घालणार न्हाई."

पण बोलताना त्यांनी कोपऱ्यात, जिथं त्या उलट्या घालून ठेवल्या होत्या, तिकडं बघितलं नाही. मला तेव्हा ते ध्यानात आलं. या माणसालाही तिकडं बघवत नाही.

मी चपला टाकल्या नाहीत.

आणि मग ती पडलीच. शाळा सुटून येताना साकवावर पाय सटकला. नशीब, ओढ्यात गेली नाही. कठड्याच्या बांबूवर हात आपटला. पाठीमागून येणाऱ्या दोन बायका तिला धरून घेऊन आल्या. चेहरा पांढराफटक, उजवं मनगट सुजून कोपरासारखं झालेलं, आणि पायांत दोन्ही चपला. एक निसटून वाहत निघाली होती, ती तिनं मोडक्या हातानंच धरली होती म्हणे. बायका ते सांगताना कपाळाला हात लावत होत्या.

दवाखान्यात नेऊन प्लास्टर घातलं. परत आलो तर तिचे वडील दारात उभे. त्यांना कुणीतरी डेपोत निरोप दिला होता. त्यांनी तिच्या गळ्यातल्या हाताकडं बघितलं, मग खाली पायांकडं बघितलं, आणि मी त्या माणसाला पहिल्यांदाच चिडलेलं पाहिलं.

"काढ त्या. आत्ताच्या आत्ता काढ!"

ती हलेना. ते स्वतःच खाली बसले, तिच्या घोट्यावरची सुतळी ओढून तोडली, चपला हातात घेतल्या आणि परड्याकडं निघाले. परड्यात खाचरावर पाणी घेणारा पाट होता. त्याला त्या दिवसांत इतकी ओढ असे की टाकलेली वस्तू दिसायचीसुद्धा नाही.

"बाबा! बाबा, न्हाई! बाबा!"

तो आवाज मला अजून ऐकू येतो. अक्काला उचलून नेली त्या दिवशी ती असं ओरडली नव्हती. त्या दिवशी ती खांबाला धरून नुसती उभी होती.

मी पळत गेले आणि त्यांचा हात धरला. लग्न झाल्यापासून मी आपण होऊन त्यांना हात लावला नव्हता.

"द्या इकडं," मी म्हटलं. "मी नीट करून आणते."

"काय नीट करतीस? पोरीचा जीव जायचा होता आज."

"तळवा झिजलाय, तळवाच बदलायचा. द्या."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग चपला माझ्या हातात टाकून गोठ्यात गेले आणि अंधार पडेपर्यंत बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी राधानगरीला गेले. एस.टी. स्टँडसमोर ताडपत्रीखाली म्हादबा नावाचे म्हातारे चांभार बसायचे. त्यांनी चपला उलटसुलट करून पाहिल्या.

"ताई, प्लास्टिकची चप्पल ही. हिला करण्यापरीस नवी घ्या की."

"नवी नको. हिलाच काहीतरी करा."

"मग टायरचा तळ मारतो खालनं. घसरायची न्हाई. पण वरनंबी पार सपाट झालीय बघा. वरनंबी एक पातळ रबर चिकटवून देऊ? पाय आत घसरायचा न्हाई मग."

त्यांनी चप्पल माझ्यासमोर धरली. नव्या असताना त्या चपलांना आतून बारीक बारीक ठिपके होते. बाकी सगळीकडं ते अजून तसेच होते, फक्त टाचेखाली आणि बोटांखाली झिजून गुळगुळीत झाले होते. मी बघत होते. अंगठ्याची गोल खूण, आणि तिच्या शेजारची खूण अंगठ्याच्या पुढं गेलेली. अक्काचं ते बोट अंगठ्यापेक्षा लांब होतं. लहानपणी आम्ही चिडवायचो तिला.

तिचा पाय होता तो. तिच्या साड्या मी घडी करून ठेवल्या होत्या, तिची भांडी रोज घासत होते, तिच्या नवऱ्याला वाढत होते. पण तिची कशावर म्हणून खूण नव्हती. साड्या धुतल्या गेल्या होत्या. भांडी घासली गेली होती. इथं मात्र तिचा पाय होता.

"ताई? वरनं मारू न्हवं रबर?"

"नको," मी म्हटलं. "वरनं हात लावू नका. काय करायचं ते खालनं करा, आणि हा तुटका पट्टा तेवढा जोडून द्या."

घरी येऊन मी चपला उज्ज्वलाच्या पुढ्यात ठेवल्या. तिनं टायरचा तळ बघितला नाही. डाव्या हातानं आधी एक चप्पल उचलून आत बघितलं, मग दुसरी. अंगठ्याच्या जागेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडं बघितलं.

"त्यांनी आत काय केलं न्हाई?"

"मी करू दिलं नाही."

तिनं उठून फणी आणली आणि माझ्यापुढं धरली. मग म्हणाली, "मावशी, माझी वेणी घालतीस? एका हातानं जमत न्हाई."

मी तिच्यामागं बसले आणि तिचे केस विंचरले. तिला माझा चेहरा दिसत नव्हता, ते बरं होतं.

त्यानंतर आमचं बरं चाललं. फार बोलायची नाही, पण हाक मारायची. शाळेत कुणी प्लास्टरवर पेनानं काय काय लिहिलं ते दाखवायची. श्रावण आला, प्लास्टर निघालं, पावसाची सर येऊन जाऊ लागली. आणि मग मला दिसायला लागलं की ती चालताना पाय ओढते. विचारलं तर काही नाही म्हणायची. एक दिवस शाळेतून आली तेव्हा दोन्ही पायांच्या बोटांना पुढून फोड आले होते.

गरम पाणी आणून तिचे पाय परातीत घेतले. ती भिंतीला टेकून बसली होती, चपला मांडीवर घेऊन.

"मावशी, ह्या मला होत न्हाईत आता."

"हं."

"पाय वाढला."

"वाढणारच. वाढायचं वय आहे तुझं."

"न्हाई, तसं न्हाई." तिनं एक चप्पल उचलून आतल्या खुणेवर बोट ठेवलं. "मी बारकी असताना आई मला तिच्या पायांवर उभं करायची. असं, तिच्या पायांवर माझे पाय. आणि मला धरून चालायची, सोप्यातनं परड्यापर्यंत. ह्या घातल्या की तसंच वाटायचं. अंगठा तिच्या अंगठ्यावर, टाच टाचेवर. शाळेला जाताना सगळी वाट मी तिच्या पायांवरनंच जायची."

परातीतलं पाणी निवत चाललं होतं. माझे हात तिच्या पायांवर तसेच राहिले.

"आता माझा अंगठा पुढं जातो," ती म्हणाली. "लई वळवून बघितला मी. तिथं बसतच न्हाई. आता ती मला गावत न्हाई, मावशी."

आणि ती रडली. आई गेल्यावर न रडलेली ती पोर तेव्हा रडली, चपला पोटाशी धरून, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. मला तिची समजूत घालता आली नाही. पाय वाढू नये म्हणून कुणी काही करू शकत नाही. मी तिचे पाय पदरानं पुसले आणि तिच्याजवळ सरकून बसले. थोड्या वेळानं तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं.

शनिवारी तिची शाळा सकाळची असे. ती सुटल्यावर आम्ही दोघी बाजारात गेलो. दुकानदारानं समोर ढीग लावला. तिनं गमबुटाला हात लावला आणि ठेवून दिला.

"साकवापलीकडच्या बारक्या ओढ्यातनं जाताना आत पाणी भरतंय," ती म्हणाली. "मग पाय उचलत न्हाई. म्हणून मी घालत न्हवते, मावशी. तेपण एक होतं."

"मग हे घे," मी म्हटलं. रबराचे बूट होते, पुढून बंद, बाजूनं भोकं, खाली खोल खाचा. पाणी आत शिरलं तरी बाहेर जाणारे. मी तळवा वाकवून बघितला, फरशीवर पाणी सांडून त्यावर दाबून बघितला. तिनं घालून दुकानात दोन फेऱ्या मारल्या.

"पुढं बोटभर जागा असू दे," मी म्हटलं. "दिवाळीपर्यंत पुरतील."

"तू बघ की दाबून."

मी वाकून तिचा अंगठा चाचपला.

"जुन्या इथंच टाकू का, ताई?" दुकानदारानं जांभळ्या चपला उचलत विचारलं.

"नको!" आम्ही दोघी एकदम म्हणालो. तो दचकलाच. उज्ज्वलानं त्या कागदात गुंडाळून पिशवीत घातल्या.

एस.टी.तून उतरलो तर पावसानं पुन्हा गाठलं. छत्री एकच होती. ती मी धरली, उज्ज्वला माझ्या काखेशी आली. वाडीची चढण लागली आणि चिखलात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी ती हातात घेऊन अनवाणीच निघाले तर तिनं मला थांबवलं. पिशवीतला कागद सोडला, खाली बसली आणि जांभळ्या चपला माझ्या पायांसमोर ठेवल्या.

"ह्या घाल."

"नको गं. राहू देत त्या तुला."

"तुला होतील. तुझा पाय आईसारखा हाय. मी कवाच बघितलंय."

पाऊस मोठा झाला होता. तिनं माझा पाय धरून चपलेत घातला, मग दुसरा, आणि बक्कल लावलं. मी उभी राहिले. टाचेखाली गुळगुळीत, बोटांखाली गुळगुळीत. कुठंही काही टोचलं नाही. सगळं जिथल्या तिथं बसलं.

आम्ही चालू लागलो. मला वाट दिसत नव्हती. वर चढेपर्यंत तिनं माझा दंड घट्ट धरला होता.

तिचे वडील त्या दिवशी लवकर सुटले होते. सोप्यात बसून ते गाईचं दावं वळत होते. आम्ही अंगणात शिरलो तेव्हा पावसाची झड चुकवायला मी छत्री पुढं वाकडी धरली होती, त्यामुळं माझं तोंड त्यांना दिसत नव्हतं. त्यांना दिसत होतं ते एवढंच: लुगड्याचा भिजलेला काठ, जांभळ्या चपला, आणि शेजारी दप्तर घेतलेली पोर. हे त्यांनी कितीतरी पावसाळे बघितलं असणार.

"इंदू, सावकाश," ते म्हणाले. "तिथं शेवाळ हाय."

आणि मग त्यांना कळलं, काय बोललो ते.

मी छत्री बाजूला केली. ते अर्धवट उठलेले होते, तसेच खाली बसले. दावं हातातून सुटलं. उज्ज्वला माझा दंड सोडून त्यांच्याकडे गेली आणि त्यांच्याजवळ उभी राहिली. ते दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होते, आवाज न करता, नुसते खांदे हलत होते.

अंगणात उभी राहून मीही रडले. अक्का गेली तेव्हा मी रडले होते, पण या घरात आल्यावर नाही. या घरात मी नवी सून होते, आणि नव्या सुनेनं पहिलीसाठी रडायचं नसतं. त्या दिवशी मी तिची बहीण होते. पावसात उभं राहून, तिच्या चपलांत, मी तिला मोठ्यानं हाक मारली. अक्का, अक्का.

उज्ज्वला येऊन मला आत घेऊन गेली.

त्या दिवशी स्वयंपाक तिनंच केला. ते जेवायला बसले, आमटीचा एक भुरका घेतला आणि थांबले.

"मीठ लई झालंय?" तिनं विचारलं.

"इंदू असंच करायची," ते म्हणाले. नाव घ्यायला त्यांना जड गेलं, पण त्यांनी घेतलं. "जास्त टाकायची मीठ."

"जास्त न्हाई टाकायची, बाबा. दोनदा टाकायची. एकदा टाकल्यालं विसरायची."

"माहेरीही तशीच होती," मी म्हटलं. "आईचा मार खायची त्यापायी."

ते माझ्याकडं बघून थोडं हसले. मग उज्ज्वला म्हणाली, "सांग की मावशी, अजून काय करायची?" आणि मी सांगायला लागले. ताटं वाळून गेली तरी कुणी उठलं नाही.